थोरल्याची परवानगी

फोटोतल्या थोरल्याचा डावा खांदा पुसून झाला आणि वकिलाच्या बायकोने माउसवरचा हात उचलला.

"चेहरा तुम्ही पुसा," ती म्हणाली. "मीच बसवला, आता मीच काढू? माझ्याने नाही व्हायचं."

वकील म्हणजे फोटोग्राफर. नाव गल्लीने ठेवलेलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण त्याने जन्मभर पाळली होती, पण फोटोवरच्या हक्काचा विषय निघाला की तो भल्याभल्यांची बोलती बंद करायचा. त्याने काढलेला कोणा कुटुंबाचा फोटो एका क्लासवाल्याने न विचारता आपल्या फलकावर छापला, तेव्हा हा पठ्ठ्या शिडी खांद्यावर घेऊन गेला आणि फलक उतरेपर्यंत तिथून हलला नाही. स्वतःच्या दुकानाच्या काचेत फोटो लावायचा तरी तो फोटोतल्या एकेकाला विचारून घ्यायचा. "फोटो मी काढला म्हणून चेहरा माझा होत नाही," असं म्हणायचा. बायकोला ते इतकं पाठ झालं होतं की भाजी निवडता निवडता ती त्याच्या आधीच म्हणून टाकायची.

आणि त्याच माणसाने ही चूक करून ठेवली होती.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या काकू सगळ्या कुटुंबाला घेऊन फोटो काढायला आल्या होत्या. काका, मुलगी, जावई, दोन नातवंडं. थोरला मुलगा तेवढा नव्हता. तो घर सोडून लांब कुठेतरी गेला त्याला वर्षं लोटली होती, आणि घरून केलेला फोन तो उचलत नसे. फोटो काढून झाल्यावर बाकीचे पायऱ्या उतरले, काकू मागे रेंगाळल्या. त्याला पदवी मिळाली तेव्हाचा फोटो तुम्हीच काढला होता ना, म्हणाल्या, तो घ्या आणि त्याला ह्यांच्या मागे उभा करा. आई मागते आहे, मग आणखी कोणाला विचारायचं, असं वकिलाला वाटलं. बायकोने खपून उजेड जुळवला, काकूंच्या सांगण्यावरून कानशिलांवरचे केस थोडे पिकवले आणि थोरल्याला बापाच्या खुर्चीमागे असा उभा केला की तो तिथे नव्हता हे सांगून पटलं नसतं. मुलीने हौसेने तो फोटो इंटरनेटवर टाकला. कोपऱ्यात स्टुडिओचं नाव आणि फोन नंबर होताच.

काल दुपारी दुकानातला फोन वाजला होता. म्हणून आज हे पुसणं.

काकू मोठा करून ठेवलेला फोटो न्यायला आल्या, तोवर थोरला फोटोतून गेला होता. जावयाला जरा आत सरकवून त्याची जागा भरून काढली होती. नवी प्रत काउंटरवर होती. काकू चष्मा लावून बघत राहिल्या.

"हे काय? कुठे गेला?"

वकिलाने घसा साफ केला.

"काकू, त्याचा फोन आला होता. मला काढा म्हणाला. न विचारता घातलंच कसं, म्हणाला. त्याचं बरोबर आहे, चूक माझी झाली. काढतो म्हणून मी त्याला शब्द दिलाय. ताईंनाही तो फोटो इंटरनेटवरून काढायला लावलाय."

काकू रडतील, नाहीतर फैलावर घेतील, अशी त्याची खात्री होती. बायकोने पाण्याचा पेला भरूनच ठेवला होता.

"फोन आला?" काकू म्हणाल्या. "त्याचा? इथे?"

"हो."

"आवाज कसा होता?"

वकील गोंधळला. "चांगला होता. म्हणजे, रागावलेला होता."

"खोकत नव्हता ना? थंडी पडली की खोकतो तो."

"नाही."

"नंबर?"

"जुना फोन आहे काकू. ह्यात नंबर दिसत नाही."

काकू स्टुलावर टेकल्या. "पहिल्यापासून सांगा. त्याने म्हटलं अगदी तसंच."

वकिलाने सांगितलं. आधी त्याने विचारलं, हा उद्योग तुमचा का. मग म्हणाला, माझ्या तोंडावर माझा हक्क आहे. मग म्हणाला... इथे वकील अडखळला. मग म्हणाला, केस कसले पिकवताय, मला टक्कल पडलंय.

"टक्कल?" काकूंचा हात तोंडावर गेला आणि बोटांच्या आडून हसू फुटलं. "माझ्या वडिलांवर गेला! त्यांचंही चाळिशीतच मैदान झालं होतं. अगं ऐकलंस का, टक्कल पडलंय त्याला!"

पाळणा हलल्याची बातमी सांगावी तसं त्यांनी ते वकिलाच्या बायकोला सांगितलं. तिलाही हसू आलं.

"आणि? आणखी काय?"

"बाबा खुर्चीत का बसलेत, विचारलं. मी गुडघ्यांचं सांगितलं. मग बराच वेळ नुसता धरून होता फोन."

"माझं काही?"

खोटं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. बायको त्याच्याकडे डोळे वटारून बघतही होती.

"नाही, काकू."

काकूंनी मान हलवली. चष्मा काढून त्या बोटांनी डोळे चोळत राहिल्या.

"माझ्यावरच राग आहे त्याचा. तेव्हा माझ्या जिभेला हाड नव्हतं. रोज वाटतं, एकदा येऊन भांडून तरी जावं त्याने."

वकिलाने नवा फोटो कागदात गुंडाळायला घेतला. छान आलाय, असं काकू म्हणाल्या, पण घ्यायला हात पुढे केला नाही. पर्समधून त्यांनी दुसराच एक फोटो काढला. मुलीच्या घरच्या जिन्यात काढलेला, सगळे पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेले.

"ह्यात घाला त्याला."

"काकू, तो नको म्हणालाय. मी शब्द दिलाय त्याला."

"कळतंय मला." काकूंनी जिन्याचा फोटो त्याच्यासमोर सरकवला. "पण लहानपणापासून तसाच आहे तो. प्रेमाने हाक मारली तर ओ देत नाही. त्याच्या वस्तूला हात लावला की मात्र धावत येतो."

वकिलाच्या बायकोने तो फोटो उचलला, बघितला आणि हलकेच परत ठेवला.

"असं नाही हो करता येत, काकू," ती म्हणाली.

काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उठून त्यांनी स्टूल उचललं, काउंटरच्या टोकाला, फोनच्या अगदी शेजारी आणून ठेवलं आणि त्यावर नीट बसून घेतलं.

"तुमचं सावकाश होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."