दुधी रंगाची भिंत

मित्रांनो, मी रंगांच्या दुकानातला एक जुना तक्ता आहे. लोक मला शेडकार्ड म्हणतात. छापखान्यातून कोरा करकरीत निघालो, तेव्हा माझ्या अंगावर नुसत्या पांढऱ्याच्याच इतक्या छटा होत्या की दुकानदारही डोके खाजवायचा. खाली नावे नाहीत, फक्त आकडे. गिऱ्हाईके मला उजेडात धरत, "अहो, हे सगळे सारखेच!" म्हणत आणि परत काउंटरवर आपटत. पुढे नवे तक्ते आले आणि मी खणात पडून राहिलो.

एके दिवशी रंगारी मला घाईघाईने एका घरी घेऊन गेला. तिथल्या आईला सगळ्याचा विसर पडत चालला होता. इस्पितळातून ती त्याच संध्याकाळी घरी यायची होती. "खोली ओळखीची वाटली पाहिजे, नाहीतर त्या बिथरतील," असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि नेमक्या तिच्या खोलीच्या भिंती ओल आल्याने खरवडाव्या लागल्या होत्या! रंगाचा टिपूसही उरला नव्हता. फोटोत तर भिंत दर वेळी वेगळीच दिसे. फोनवर विचारले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "दुधी."

झाले! तिच्या दोन्ही मुलांत जुंपली.

"दुधी म्हणजे दुधासारखा पांढरा," ताई म्हणाली.

"अगं, दुधी म्हणजे भाजीतला दुधी! सोललेला. किंचित हिरवट," दादा म्हणाला.

"तू या खोलीत शेवटचा कधी बसलास रे?"

"आणि तू गं?"

रंगारी डब्यावर हात ठेवून उभा होता. "लवकर ठरवा हो, वाळायला वेळ लागतो."

शेवटी ताईच्या मनासारखे झाले.

संध्याकाळी दादा आईला घेऊन आला. ती दारातच थबकली. ताईचा हात घट्ट धरून म्हणाली, "खोली छान आहे हो तुमची. पण आता मला घरी न्या." तिला धाप लागली, ती मागे सरकू लागली. ताईला रडू फुटले. खिडकीत पडल्यापडल्या मी ओरडत होतो, मला तिच्या हातात द्या! पण तक्त्याला कुठला आवाज?

दादा ताईला एका शब्दानेही बोलला नाही. त्याने आईला खुर्चीत बसवले आणि मला तिच्या मांडीवर उलगडले. "आई, दुधी कुठला गं?"

आईचे बोट ताईच्या पट्टीवरून गेले, दादाच्याही पट्टीवरून गेले आणि एका पिवळसर पट्टीवर थांबले. आटवलेल्या दुधाचा रंग होता तो.

"ही काय माझी भिंत," ती म्हणाली. "कुठे ठेवली होतीत रे?"

तिचा श्वास हळूहळू ठिकाणावर आला. भिंती पुन्हा रंगवून होईपर्यंत तिने मला हातातून सोडले नाही. आता ताई आणि दादा आळीपाळीने तिच्याजवळ बसतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. आईच्या बोटाने माझी ती पट्टी झिजत चालली आहे, ती झिजू द्या. पण आपल्या माणसासाठी काही निवडायचे असेल, तर त्याच्या एका शब्दावरून आपसात भांडू नका. तक्ता त्याच्या हातात द्या आणि बोट थांबेपर्यंत थांबा.