माझी चेन कधी उतरलीच नव्हती

मी हिरामण गुरुजींची जुनी सायकल. काळी, बावीस इंची, मागे कॅरिअर आणि पुढे अजूनही खणखणीत वाजणारी घंटी. मित्रांनो, मोहगावात कोणालाही विचारा, सगळे हेच सांगतील की त्या सायकलीची चेन रोज उतरायची. साफ खोटं! दहा वर्षांत माझी चेन एकदाही आपणहून उतरली नाही. आज खरं काय ते सांगूनच टाकते.

१९७९च्या दिवाळीत गुरुजींनी मला पांढुर्ण्याच्या दुकानातून घेतलं आणि चालवत थेट सौंसरला घरी आणलं. दर रविवारी तेलपाणी, मऊ फडक्यानं पुसणं. काय थाट होता माझा! सकाळी सौंसरहून मोहगावच्या शाळेत जायचं, संध्याकाळी परत. वाटेतले संत्र्याचे बगीचे फुलले की त्या वासानं माझाही वेग वाढायचा.

गुरुजी आठवीला गणित शिकवत. परीक्षा झाली की एकेका मुलाला वेगळं बोलावून, कुठे अडतं ते विचारायची त्यांची पद्धत होती. पण खोलीत बोलावलं की पोरांची दातखीळ बसायची. समजतं ना, असं विचारलं की मान हलायची, आणि संपलं. मग गुरुजींनी एक युक्ती काढली. शाळा सुटायच्या वेळी ते मला हापशीमागे न्यायचे, इकडेतिकडे पाहायचे आणि खुशाल माझी चेन उतरवायचे! मग ज्याच्याशी बोलायचं त्याला हाक मारायची, चेन उतरली बाबा, नाल्यापर्यंत धरू लाग. एका हँडलला गुरुजी, दुसऱ्याला पोरगं, मधे मी. हात कामात गुंतले की पोरं बोलायला लागायची. गावाबाहेरच्या त्या नाल्यावर पोरगंच चेन बसवून द्यायचं आणि ऐटीत घरी जायचं.

भलं पोरांचं व्हायचं आणि नाव माझं खराब! पानठेल्यावरचे लोक गुरुजींना म्हणत, ही भंगारात देऊन टाका. सौंसरचे भैय्याजी मिस्त्री तर माझी चेन हातात धरून डोकं खाजवत बसायचे, कारण दोष काही सापडायचा नाही. मला असा राग यायचा!

१९८३च्या हिवाळ्यातली गोष्ट. आठवीत इंदू होती. तिचे वडील दादाराव लोकांच्या बगीच्यात संत्री तोडायला जात. इंदू वर्गात पहिली यायची, शिवाय मॉनिटर. अडलेल्या पोरांना तीच शिकवायची. आणि त्या सहामाहीत तिला गणितात शंभरापैकी अकरा गुण पडले. आमच्याकडे तेव्हा आठवीलाही बोर्डाची परीक्षा असायची, ती मार्चमध्ये होती. इंदूनं घरी सांगून टाकलं की मी परीक्षेला बसत नाही, आईसोबत कापूस वेचायला जाईन. घरच्यांनीही बरं म्हटलं.

लागोपाठ तीन दिवस गुरुजींनी तिला माझ्यासोबत चालवलं. नाल्यावर ती गुपचूप चेन बसवून द्यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. मला तिची फार कीव आली. चौथ्या दिवशी गुरुजी मधेच थांबले आणि म्हणाले, "इंदू, मले चेन बसवता येत नाही. रोज तुले सांगतो. मले लाज वाटते का?"

इंदूनं माझ्या घंटीवरून बोट फिरवलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. दिवाळीनंतर तिला गोवर निघाला होता. ती पंधरा दिवस घरी होती, तेवढ्यात वर्गात समीकरणं सुरू झाली. परत आली तर सगळे तिलाच विचारायला लागले. मॉनिटरनं समजत नाही म्हणायचं कसं? म्हणून ती नुसती मान हलवत राहिली.

एवढं बोलून तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "पण गुरुजी, चेन तर तुम्हीच काढता. शाळेतून निघतानाच तुमची बोटं काळी राहतात."

गुरुजींनी आपली बोटं पाहिली आणि असे हसत सुटले की मी त्यांच्या हातातून पडता पडता वाचले. मग म्हणाले, "चाल, आजपासून दोघांचंही खोटं बंद. मी चेन काढत नाही, तू मान हलवत नाही."

दुसऱ्या दिवसापासून माझी चेन जागेवर होती, तरी आम्ही तिघं नाल्यापर्यंत पायीच! इंदू काडीनं धुळीत समीकरणं मांडायची आणि अडलं की ठणकावून सांगायची, नाही समजलं. मार्चमध्ये ती परीक्षेला बसली आणि गणितात एक्याऐंशी गुण मिळवले. निकालाच्या दिवशी दादारावांनी गुरुजींना हार घातला, आणि दुसरा माझ्या हँडलला. आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढे गुरुजींनी लुना घेतली. वर्षभर मी पडवीत गंजत पडले. कोंबड्या सीटवर बसायच्या. कोणी विचारलं नाही. यंदा इंदू शेजारच्या गावात शाळेत शिकवायला लागली आणि मला मागून घेऊन गेली. आता पुन्हा तेलपाणी सुरू आहे.

परवा शाळा सुटताना तिनं मला भिंतीमागे नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि खुशाल माझी चेन उतरवली. मग एका रडवेल्या पोरीला हाक मारली. या वेळी मला राग आला नाही. ती पोरगी मात्र वाटभर बाईंच्या बोटांकडे टक लावून पाहत होती!

तेव्हा मित्रांनो, सायकलीला वेळच्या वेळी तेल देत जा, आणि समजलं नसेल तर मान हलवू नका. आणि कधी कोणी सायकल हातात धरून पायी जाताना दिसलं, तर ती बिघडलीच आहे असं समजू नका.