साहेब कोणत्या गटात?

अधिकार माणसाच्या रक्तात असावा लागतो, कार्डात नव्हे, असं साहेब नेहमी सांगत. आज सकाळी मात्र ते बॅडमिंटन खेळून हाफपँटमध्येच आपल्या केबिनबाहेर उभे होते. कार्ड लावत होते, आणि दार लाल दिवा दाखवत होतं. सूट आत टांगलेला. मुख्य कार्यालयाचे पाहुणे, ज्यांनी साहेबांना कधी पाहिलं नव्हतं, ते गेटवर पोचलेले.

सिस्टीम सांभाळणाऱ्या बाई लॅपटॉप घेऊन धावत आल्या. साहेबांची नोंद उघडली, तर ‘अधिकारी गटाचे सदस्य’ असं ठळक लिहिलेलं. मग त्या गटाची यादी उघडली. तिथे साहेबांचा मागमूस नव्हता.

“जावई सांगतोय मी या घरचा, आणि सासरचे म्हणतायत, आपण कोण?” बाई म्हणाल्या. “आणि सर, दार विचारतं ते सासरच्यांना.”

खोदून पाहिल्यावर उलगडा झाला. एका माणसाने एकाच गटात राहावं, भाराभर गट नकोत, असं फर्मान गेल्या आठवड्यात खुद्द साहेबांनीच काढलं होतं. सिस्टीम बिचारी आज्ञाधारक. तिने प्रत्येकाला सगळ्यात नव्या गटात ठेवलं आणि बाकीच्यांतून नारळ दिला. नोंदीवरचा मजकूर तेवढा शिळाच राहिला. साहेबांनी कालच बॅडमिंटन गट काढला होता, आणि साहेब खेळतात म्हटल्यावर यच्चयावत अधिकाऱ्यांना खेळाची ओढ लागली होती. आता त्या सर्वांच्या कार्डांनी फक्त रॅकेटचं कपाट उघडत होतं.

“मग घाला मला परत.”

बाईंनी लगेच घातलं. पण दारापर्यंत ती बातमी पोचायला अर्धा तास लागणार होता. तोवर अधिकारी गटात उरलेलं कुणीतरी दार उघडू शकेल, असं त्या चाचरत म्हणाल्या.

“कोण उरलंय?”

“चहाच्या मावशी. केबिनमध्ये चहा नेता यावा म्हणून घातलं होतं त्यांना. त्या बॅडमिंटन खेळत नाहीत.”

तेवढ्यात संस्थेच्या एकमेव अधिकारी पाहुण्यांसाठी भरलेला ट्रे घेऊन डुलत आल्या. सगळं ऐकून घेतलं. कार्ड कमरेच्या पिशवीत तळाशी होतं, म्हणून त्यांनी ट्रे साहेबांच्या हातात दिला आणि पिशवी उपसायला घेतली.

लिफ्ट उघडली. पाहुणे बाहेर आले. त्यातल्या सर्वांत ज्येष्ठांनी हाफपँट, ट्रे आणि साहेब असं क्रमाने पाहिलं आणि प्रेमाने विचारलं, “यात एखादा बिनसाखरेचा आहे का हो?”