शिखरावरचा कानतुटका मग

मित्रांनो, मी एक जुना मग आहे. पिवळा, प्लास्टिकचा, कान तुटलेला. माझे काम कळले की तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. खुशाल मुरडा. मी स्वतः जन्मभर तेच करत आलो आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका न्हाणीघरात. स्वच्छ पाणी, साबणाचा फेस, अगदी राजेशाही थाट होता. पण एकदा फरशीवर आपटून माझा कान तुटला आणि घरातल्या बाईंनी मला उचलून आपल्या पिशवीत टाकले. बाई कीटकांच्या अभ्यासक. डोंगराच्या पायथ्यापासून शिखरापर्यंत कोणत्या उंचीवर कोणते किडे राहतात, याची त्या पाहणी करत होत्या. त्यासाठी त्यांना बरेच मग हवे होते, आणि मगाला कान नसला तरी चालणार होते.

आता काम ऐका. मला जमिनीत गळ्यापर्यंत पुरायचे. पोटात थोडे पाणी घालायचे. वर काडीला ताज्या शेणाची पुरचुंडी टांगायची. शेणकिडे वासाने येतात आणि टप्पकन माझ्यात पडतात. असे मग प्रत्येक उंचीवर होते आणि सगळ्यांना शेण सारखेच, नाहीतर खालच्या आणि वरच्या किड्यांची तुलना कशी करणार? माझ्या वाट्याला शिखर आले. वरून ठिबकणारे शेण, काठावर गोगलगाईंचा चिकट माग, पोटात फुगलेले किडे. शी! नुसती आठवणसुद्धा नको.

बाई मात्र त्या गाळात खुशाल बोटे घालत. एखादा किडा हाती लागला की माहेरचे माणूस भेटल्यासारखा त्यांचा चेहरा फुले. पूर्वी एकदा त्यांना शिखरावर मसुरीएवढा निळसर किडा दिसला होता. खाली तो कुठेच सापडत नव्हता, आणि वरही पुन्हा हाती लागला नव्हता.

पुढे बाईंचा गुडघा धरला आणि शिखराची खेप त्यांच्या यजमानांकडे आली. निवृत्त गृहस्थ, तब्येत ठणठणीत, पण स्वच्छतेचे भारी वेड. दाराची कडीसुद्धा रुमालाने धरणारे. ते पुरचुंडी चिमट्याने टांगत, तीही तोंड फिरवून. त्याआधी मला फिनेलने घासून लख्ख करत. मी तर सुखावलो. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला माणसात आणत होते.

पण किडे येईनात. यजमान दर खेपेला किडे भरायची बाटली रिकामीच घेऊन खाली जात.

त्याच सुमारास शिखरावर रोपवेचे स्थानक बांधायचे घाटत होते. यजमान माझ्यापाशी बसून पुटपुटत, त्यातून मला सारे कळे. दुसरीकडे कुठे नाही असे काही शिखरावर राहते का, असे बांधकामाला परवानगी देणाऱ्या समितीने बाईंना विचारले होते. नसेल, तर झाडे तोडायला कोणाची हरकत नव्हती. तोडायच्या झाडांवर चुन्याचे पट्टे ओढूनही झाले होते.

एकदा थंडीने मला भेग पडली आणि मी गळू लागलो. यजमानांनी मला पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून घरी आणले. बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर समितीचे उत्तर लिहीत होत्या. सवयीने त्यांनी मला उचलून नाकाशी धरले.

"अहो, याला फिनेलचा वास येतोय."

"येणारच. दर वेळी घासतो मी. तुझ्या त्या घाणीत मला हात घालवत नाही, पण एवढं तरी करतो ना."

बाईंनी लिहीत असलेला कागद बाजूला सारला. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही या वासाने किड्यांना हाकलत होतात, आणि मी लिहीत होते की ते तिथं राहतच नाहीत."

यजमानांनी मला हातात घेऊन स्वतः हुंगून पाहिले. माझ्या लख्ख अंगाची मला तेव्हा शिसारी आली. शेणाची कधी आली नव्हती इतकी.

बाईंनी माझी भेग मेणाने बुजवली आणि फिनेलचा वास जाईपर्यंत मला चिखलात लोळवले. मग दोघे वर आले, त्या काठी टेकत, ते मागून शेणाची पिशवी घेऊन. जुन्या खड्ड्यापासून लांब नवा खड्डा खणला. यजमानांनी चिमटा काढला, क्षणभर पाहिला आणि खिशात परत ठेवला. तोंड न फिरवता, उघड्या हातांनी त्यांनी ती पुरचुंडी बांधली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर, दोघे पुन्हा माझ्यापाशी येऊन बसलेले असताना, माझ्यात टप्पकन काहीतरी पडले. मसुरीएवढे, निळसर, शेणाने बरबटलेले. ते माझ्या अंगावरून वर चढायची धडपड करू लागले. खरे सांगतो, तेव्हाही मला किळसच आली. यजमान मात्र रुमाल न काढता ओणवे झाले आणि त्यांनी त्याला बोटावर घेतले.

"अगं, आला बघ," ते म्हणाले.

बाईंनी समितीचे उत्तर नव्याने लिहिले. झाडे अजून उभी आहेत आणि त्यांच्यावरचा चुना पावसाने धुतला गेला.

आता माझी भेग वाढली आहे, म्हणून मी बाईंच्या खिडकीत पडून असतो. मित्रांनो, एखादी जागा रिकामी आहे असे म्हणण्याआधी आपण तिथे काय ओतले आहे, ते जरा हुंगून बघा. माझ्यापाशी जोडायला हात नाहीत, धरायला कानही उरला नाही, तरी एक विनंती आहे. कधी मला धुवायचे झाले, तर नुसत्या पाण्याने धुवा.