दिवे झाकून

मर्नाने नवऱ्याचा, होलिसचा लोकरी मोजा ट्रकच्या मागच्या दिव्यावर ओढून बसवला आणि वरून चिकटपट्टीचे तीन वेढे दिले. दुसऱ्या दिव्यासाठी मोजा मिळेना, कारण होलिस घरातून निघताना मोजे कधी जोडीने घेत नाही. मग तिने ओव्हनची भांडी उतरवायचा जाड हातमोजा चढवला.

"झालं?" ओडेलने अंधारातून विचारलं.

"ब्रेकचे राहिलेत."

"तेही झाक. लाल असले म्हणून काय झालं? मागच्या वर्षी एकाने गाडी नुसती रिव्हर्समध्ये टाकली, तर आठ जणांच्या रात्रभराच्या फोटोंचं वाटोळं झालं. त्याच्याशी अजून कोणी धड बोलत नाही."

ओडेलचा जन्म शाळेच्या बस दुरुस्त करण्यात गेला. नेब्रास्कातल्या या माळावर दर जुलैत आकाश बघणाऱ्यांचा तळ पडतो, त्याचा तो कारभारी. तळाचा नियम एकच: काळोख पडला की उजेड नाही आणि चाकं हलवायची नाहीत. उशिरा येणाऱ्याने चार मैल मागे, फाटकाबाहेर झोपावं. वीस वर्षं या नियमाचा मर्नाइतका पहारा कोणी केला नव्हता. एकदा तिने एका पाद्र्याच्या हातातली टॉर्च हिसकावून घेतली होती. आज वाटेत ट्रेलरचं टायर फुटलं, दोन तास गेले आणि नियम तिच्याच अंगावर आला.

परत फिरायला तिची एरवी ना नव्हती. पण उद्यापासून तळ उठेपर्यंत ढग सांगितले होते. आणि जूनमध्ये डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, होलिसला जे बघायचं ते या उन्हाळ्यात बघून घेऊ दे. होलिसने एकच गोष्ट मागितली होती. ओडेलच्या मोठ्या दुर्बिणीतून हर्क्युलिस तारकासमूहातला तो ताऱ्यांचा पुंजका, पुन्हा एकदा. गाडी वाटेतच सोडून चालत जावं, तर वाट एका गाडीपुरती. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय, म्हणून ओडेल त्याला तयार नव्हता. दिवे झाकून आत घ्यायला मात्र, सगळ्यांना विचारून, तो हो म्हणाला होता.

"मागे मी राहतो," होलिस म्हणाला.

"तू?"

"मग कोण? अंधाराचा माझ्याइतका सराव इथे कोणाला आहे?"

ओडेल हसला. मर्ना हसली नाही.

बत्तीस वर्षं चाक होलिसच्या हातात होतं आणि मागे उभी राहून हातवारे करायची ती मर्ना. तळावरच्या लोकांना ही फुकटची करमणूक असते. एखादं जोडपं ट्रेलर मागे घ्यायला लागलं की शेजारीपाजारी खुर्च्या वळवून बसतात. लग्न चर्चमध्ये लागतं, पण टिकणार की नाही ते ट्रेलर मागे घेताना कळतं, असं इथे म्हणतात. गेल्या वर्षी पानगळीत होलिसचा परवाना गेला आणि चाक तिच्याकडे आलं. तेव्हापासून तिने एक टपालपेटी आणि बहिणीच्या अंगणातला गुलाब आडवा केला होता.

ती गाडीत बसली. समोरच्या आकड्यांचा उजेड तिने टॉवेलने झाकला, दोन्ही काचा खाली घेतल्या. आरशात काही दिसत नव्हतं. आरसाही दिसत नव्हता.

"हात चाकाच्या खालच्या बाजूला धर," होलिस मागून म्हणाला. "ट्रेलरचं बूड जिकडे हवं, तिकडे हात ने."

"माहीत आहे मला."

"टपालपेटीलाही माहीत होतं."

काळोखात कुठेतरी पाच-सहा जण खुसखुसले. म्हणजे खुर्च्या वळल्या होत्याच. आज बघायला काही नव्हतं म्हणून मंडळी नुसती ऐकत बसली होती.

होलिसने ट्रेलरच्या पत्र्यावर हात ठेवला होता, तो कुठे आहे ते तिला हात सरकल्याच्या आवाजावरून कळत होतं. एक टकटक म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. एकदा वाजलं. ती जीव मुठीत धरून ट्रक मागे सोडू लागली. जागा दोन गोष्टींच्या मध्ये होती: डावीकडे कॉटनवुडचं झाड, उजवीकडे लिंकनहून आलेल्या कुणाची तरी दुर्बीण, जिच्यासाठी त्याने घर गहाण टाकल्याची चर्चा होती.

"थोडी झाडाकडे."

"झाड कुठे आहे?"

"पानं ऐक ना. वाजताहेत."

तिने कान दिला. वारा नसल्यासारखाच होता, तरी डावीकडे, खांद्याच्या जरा मागे, पानं एकमेकांवर आपटत होती. ती इतका वेळ तिथेच होती आणि तिला ऐकू आली नव्हती.

"बास, सरळ कर. आता खडी लागेल."

टायरखाली गवत संपलं आणि खडी करकरली. तो बोलल्यावर, आधी नाही. मग त्याने सांगितलं की उजवीकडून थर्मासमधल्या कॉफीचा वास येतोय, म्हणजे दुर्बीणवाला तिथे बसलाय, त्याच्यापासून अंतर राख. लगेच उजवीकडून एक बारीक आवाज आला, "इथेच आहे मी," आणि कोणीतरी खुर्ची मागे ओढली.

मर्ना चाक फिरवत राहिली. होलिस धडपडत नव्हता. अडखळत नव्हता. सकाळी कपाकडे नेलेला हात दोनदा हुकलेला माणूस सहा हजार पौंडांचा ट्रेलर तळहाताने हाकत होता, जणू वासराला गोठ्यात नेत होता. तिला त्याचा असा अभिमान वाटला, की लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता. पण हे एका उन्हाळ्यात येत नाही. हा कधीपासून शिकतोय?

दोनदा टकटक झाली. ती थांबली.

मग कोणीतरी हळू टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, आणि माळभर पन्नास-साठ न दिसणारी माणसं टाळ्या वाजवू लागली. इथे जोडप्यांना आजवर फक्त सल्ले मिळत आले होते.

मर्ना खाली उतरली आणि तिने पहिल्यांदाच वर बघितलं. वीस वर्षं दर जुलैत बघूनही तिला दाराला धरावं लागलं. आकाश वर नव्हतं, ते चहूकडून गुडघ्यापर्यंत आलेलं होतं. आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत इतकी दाट होती, की तिच्या उजेडात होलिसच्या टोपीची कड दिसत होती. आपण इथे उभे आहोत आणि आपल्याला कोणी हाकलत नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"चल," ती म्हणाली. "ओडेलने लावून ठेवलंय."

ओडेलची दुर्बीण पाण्याच्या पिंपाएवढी जाड आणि बघायचं भिंग वरच्या टोकाला, म्हणून शिडी. दुर्बिणीला मोटर नाही. पृथ्वी फिरते, तसं भिंगातलं सगळं मिनिटा-दीड मिनिटात कडेला सरकून निघून जातं, आणि ओडेल दुर्बीण हाताने हळूहळू ढकलत त्याच्या मागोमाग नेतो. रांगेतल्या लोकांनी होलिसला पुढे जाऊ दिलं. तो एकेक पायरी पावलाने चाचपत चढला. ओडेलने दोन्ही हातांनी शिडी धरली, मर्नाने होलिसची पोटरी धरली. त्याने डोळा लावला.

"आहे," मग तो म्हणाला. "मध्ये गच्च दाटी आहे. कडेला सुटे सुटे, जत्रा सुटल्यावर पांगतात तसे. खालच्या अंगाला एक ओळ निघालीय, वळून वर जाते. कितीतरी आहेत, मर्ना. मोजायला गेलं की आणखी दिसतात."

रांगेत कोणी हललं नाही. एक बाई नाक पुसत होती.

तो उतरला. त्याचा हात मर्नाच्या खांद्यावर आला, गरम होता. ती चढायला लागली, तेव्हा ओडेल तिच्या कानाशी आला.

"थांब, लावून देतो," तो पुटपुटला. "मी शिडी धरली होती. दुर्बीण ढकलायची राहिली. तो वर पोचला तेव्हाच पुंजका निघून गेला होता, मर्ना."

तिने डोळा लावला. भिंगात काळोख होता आणि एका कोपऱ्यात तीन-चार साधे, बिननावाचे तारे. ओडेलचा हात दुर्बिणीकडे आला. तिने तो धरला आणि तसाच धरून ठेवला. इतकं सगळं होलिसने पाठ करून ठेवलं असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"दिसलं?" होलिसने खालून विचारलं.

"थांब जरा," मर्ना म्हणाली. "अजून बघतेय."