पंखा आढळला नाही

"ज्या यंत्राला स्वतःच्या अंगातला ताप सांगता येत नाही, ते यंत्र चालवणं म्हणजे मानवजातीशी केलेला द्रोह आहे!" रविवारी सकाळी रावेतच्या आपल्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या मधोमध उभं राहून ज्योतीराम सुरवसे यांनी जाहीर केलं.

मानवजातीच्या वतीने त्या वेळी त्यांच्या पत्नी सुमनताई हजर होत्या. त्यांनी फरशी पुसायचं फडकं पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "पाय उचला."

ज्योतीरामांनी पाय उचलला. एका पायावर उभं राहून द्रोहाबद्दल आणखी बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते फरशी वाळेपर्यंत गप्प राहिले.

ज्या यंत्रावरून हे चाललं होतं ते टीव्हीशेजारच्या टेबलावर होतं. सुनेचा, म्हणजे दिपालीचा कॉम्प्युटर. दिपाली चाकणला साचे बनवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनला होती. साच्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतलं तर ते कसं पसरेल, कुठं पोकळी राहील, याचं गणित ती कॉम्प्युटरकडून करून घ्यायची. गणित जड. एकदा लावलं की अठरा-वीस तास चालायचं. म्हणून तिनं दिघीच्या गणराजकडून मुद्दाम दणकट मशीन जुळवून घेतलं होतं. पेटीची एक बाजू काचेची, आत पंखे, आणि प्रत्येक पंख्याभोवती दिव्यांची कडी. दिवे कधी निळे, कधी जांभळे, कधी गुलाबी. कॉम्प्युटरला दिवे कशाला, असं ज्योतीरामांनी विचारलं तेव्हा गणराज म्हणाला होता, "काका, आजकाल येतातच." या उत्तराने त्यांचं समाधान झालं नव्हतं. दिव्यांमुळे बातम्या नीट दिसत नाहीत म्हणून ते तेव्हापासून पेटीकडे पाठ करून बसायचे.

स्वतः ज्योतीराम चाकणच्याच एका फोर्जिंग कंपनीत भट्ट्यांवर फोरमन होते. लोखंडाला किती ताप द्यायचा आणि कधी काढायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. भट्टीचा ताप दाखवणारा काटा बंद पडला की ते भट्टीच्या दाराला लाल टॅग लटकवत. त्यावर कवटी, आणि कवटीखाली 'यंत्र चालवू नये'. कंपनीचा नियम असा की टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा परदेशी पाहुणे भट्टी बघायला आले असताना खुद्द प्लँट हेड म्हणाले, "सुरवसे, पाच मिनिटांपुरता काढा राव." सुरवसे चहाला निघून गेले. पाहुण्यांना भट्टीऐवजी कँटीन दाखवावं लागलं. ते त्यांना फार आवडलं म्हणतात.

गेल्या दिवाळीत ते निवृत्त झाले. कंपनीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. खणात उरलेला लाल टॅगचा गठ्ठा त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी आणला.

घरातला पहिला टॅग मिक्सरला लागला, कारण झाकणाला चीर होती. सुमनताईंनी टॅगसकट चटणी वाटली आणि नंतर त्याच्या दोऱ्यानं कढीपत्त्याची जुडी बांधून ती फ्रीजमध्ये ठेवली. दुसरा टॅग गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या कप्पीला लागला. संध्याकाळी कवटीशेजारी ज्योतीरामांचंच बनियन वाळत होतं. मुलगा सुजित म्हणाला, "पप्पा, राहू द्या ना आता." राहू देणं हा प्रकार ज्योतीरामांना जमत नव्हता, पण त्यांनी गठ्ठा कपाटात ठेवून दिला.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सहज सुनेला विचारलं, "एवढं गणित करतंय तर तापत असंल की हे. किती तापतंय?"

दिपालीनं ताप दाखवणारा एक प्रोग्राम उतरवून घेतला. पडद्यावर मोठा तक्ता आला. तापमानापुढे नुसती आडवी रेघ. पंख्यापुढे 'नॉट डिटेक्टेड', म्हणजे पंखा आढळला नाही.

"पंखा तर डोळ्यासमोर फिरतोय," दिपाली म्हणाली. "प्रोग्रामलाच दिसत नाहीये. काही होत नाही, बाबा."

"फिरतोय, पण पंच कुठं केलाय? गेटवर पंच नाही तो माणूस कामावर नाही. मग तो मशीनवर उभा का असंना."

सगळे झोपल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि कॉम्प्युटरच्या बटणावर लाल टॅग लटकवला.

आता सकाळी त्यांची तयारी झाली होती ती भांडणाची. सून टॅग काढून टेबलावर फेकेल, आपण दुखावलेला चेहरा करू, दुपारी सुजित ओव्हरटाइमवरून आल्यावर तो "राहू द्या ना" म्हणेल, असा सगळा क्रम ठरलेला होता. मगाचं जाहीर निवेदन त्याचीच सुरुवात होती.

दिपाली केस बांधत बाहेर आली. तिनं टॅग पाहिला. बटणाकडे गेलेला हात मागे घेतला.

"तुम्ही लावलाय?"

"व्हय. म्हणजे, हो."

"मग मी हात नाही लावणार," ती म्हणाली. "आमच्याकडेही हाच नियम आहे. पण बाबा, उद्या सकाळच्या मीटिंगला मला निकाल न्यायचाय. दुपारपर्यंत गणित लागलं नाही तर संपणार नाही."

एवढं बोलून ती खरोखरच खुर्चीवर हात बांधून बसली.

ज्योतीरामांची पंचाईत झाली. या घरात आपला टॅग कुणी पाळेल, ही शक्यता त्यांनी धरलीच नव्हती. आता काट्याविना टॅग काढला, तर जगात उरलेला एकमेव पाळलेला टॅग आपल्याच हातानं खोटा पाडल्यासारखं. नाही काढला, तर मीटिंगमध्ये पोरगी रिकाम्या हातानं उभी. प्लँट हेडला कँटीनला पाठवता आलं होतं. सुनेला कुठं पाठवणार?

"आपण काटा चालू करू," ते घाईनं म्हणाले. "टॅग लावणाऱ्याच्या देखरेखीखाली चाचणीपुरतं यंत्र सुरू करता येतं. नियमात आहे."

नियमात तसं काही नव्हतं. पण नियम त्यांच्याच डोक्यात राहात असल्यामुळे दुरुस्ती करायला वेळ लागला नाही.

कॉम्प्युटर सुरू झाला. दिपालीनं आधी तो प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे मालकाचे अधिकार देऊन उघडला. साध्या अधिकारात असले प्रोग्राम आतल्या चिपपर्यंत पोचत नाहीत, असं तिनं सांगितलं. व्हिजिटर पासवर भट्टीपर्यंत जाता येत नाही, हे ज्योतीरामांना लगेच पटलं. तक्त्याला पटलं नाही. रेघ तशीच, पंखा गैरहजर. मग तिनं त्याच प्रोग्रामची नवी आवृत्ती घेतली. आता रेघ जरा ठळक आली.

शेवटी गणराजला फोन लावला. गणराज दिघीच्या मैदानावर क्रिकेट खेळत होता.

"रिस्टार्ट करा," तो काही विचारायच्या आधीच म्हणाला.

"तीनदा केलं," दिपाली म्हणाली.

"पंखा फिरतोय ना, ताई? मग टेन्शन कशाला घेता?"

"फिरतोय, पण हजेरी नाही," ज्योतीराम फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले.

"काका, एक मिनिट, बॉल आला." फोनमधून धावण्याचा, मग बऱ्याच जणांनी एकाच माणसाला नावं ठेवल्याचा आवाज आला. "सुटला. हां, ऐका. चालू करताना डिलीटचं बटण दाबून ठेवा. विंडोज यायच्या आधी बोर्डाचा स्वतःचा स्क्रीन येतो, त्यात बघा ताप दिसतोय का. तिथं दिसला तर सेन्सर जिवंत आहे, मग लफडं प्रोग्रामचं. तिथंही नसला तर आणा माझ्याकडे. अरे भावा, तू धर की, मी फोनवर आहे!"

दिपालीनं बटण दाबून ठेवलं. काळा पडदा आला आणि त्याच्या कोपऱ्यात स्वच्छ आकडे होते. ताप अडतीस. पंखा नऊशे फेरे.

"आहे!" दिपाली ओरडली. "सेन्सर चांगला आहे, बाबा. काढा टॅग."

ज्योतीरामांचा हात टॅगपर्यंत गेला आणि थांबला. हा तर यंत्र मोकळं असतानाचा ताप. गार भट्टीचा ताप सांगण्यात काय मोठं? खरा प्रश्न पेटल्यावर असतो. गणित सुरू झालं की हा पडदा नसणार, आणि तिकडे परत रेघ.

"दिपाली," ते अपराधी आवाजात म्हणाले, "काम चालू असताना दिसला पाहिजे गं."

दिपालीनं एक मोठा श्वास घेतला. ती चिडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. "बरोबर आहे तुमचं," असं म्हणून ती इंटरनेटवर इतरांची रडगाणी वाचायला लागली. त्यात बऱ्याच जणांचे पंखे आढळत नव्हते, आणि प्रत्येकाला कुणीतरी रिस्टार्ट करायला सांगितलं होतं.

दुपार जवळ आली. सुमनताई मेथीची जुडी घेऊन आल्या आणि नेहमीप्रमाणे पेटीशेजारी बसून निवडायला लागल्या. दिव्यांच्या उजेडात भाजी बरी दिसते, असं त्यांचं म्हणणं होतं.

"आज सकाळपासून निळंच बसलंय हे," त्या कुरकुरल्या. "दुपारी शालनबाई यायच्यात चहाला. त्यांना मी गुलाबी सांगून ठेवलंय."

"आई, सेन्सर दिसेना, तुमचं गुलाबी कुठं काढता?"

"मग तुझं ते मोठं काम लाव की. ते लावलं की होतंय आपोआप. आधी निळं असतं, मग जांभळं, आणि चांगलं भरात आलं की गुलाबी. काम संपलं की परत निळं." त्यांनी एक देठ मोडला. "मला वाटलं, तूच करतीस माझ्यासाठी."

दिपालीनं कीबोर्ड पुढे ओढला. मग तिनं दिव्यांचा प्रोग्राम उघडला. तो गणराजनं मशीन जुळवताना टाकला होता आणि नंतर त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. आत एक ओळ होती. 'रंग: तापमानानुसार'.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे दिवे सेन्सरला सारखं विचारत बसलेत, ताप किती, ताप किती. त्याच वेळी आपला प्रोग्रामही तेच विचारतोय. चिप एकाच्या ताब्यात असली की दुसऱ्याला उत्तर मिळत नाही."

"दोन सुपरवायझर आणि एक ऑपरेटर," ज्योतीराम म्हणाले.

"तेच."

"मग तो बिचारा काय बोलणार? मीही गप्पच बसायचो."

दिपालीनं विचारलं, "मग काय करू? दोन्ही एकदम नाही चालायचे. दिवे तरी, नाहीतर आकडे तरी."

"आकडे," फोरमन म्हणाले.

दिव्यांचा प्रोग्राम बंद झाला. पेटी काळी पडली. सुमनताईंच्या हातातली मेथी एकदम शिळी दिसायला लागली. आणि तक्त्यातली रेघ पुसून तिथं आकडा उमटला, एकोणचाळीस. पंखा हजर, नऊशे वीस फेरे.

ज्योतीरामांनी दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले. त्यांना आनंद झाला होता, पण त्यात एक खडा होता. गेले कित्येक महिने या हॉलमध्ये तीन रंगांत ताप जाहीर होत होता, आणि घरातला एकमेव भट्टीवाला त्याच्याकडे पाठ करून बातम्या बघत होता. ही गोष्ट निदान प्लँट हेडच्या कानावर जाणार नाही, एवढंच समाधान.

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, पुढे झाले आणि टॅगची गाठ सोडली. कापायची नाही, सोडायची, हाही नियम होता.

"मागे सही लागते ना, काढणाऱ्याची?" दिपालीनं पेन पुढे केलं.

निवृत्तीनंतर त्यांची सही कुरिअरवाल्यानंच काय ती मागितली होती. त्यांनी टॅग गुडघ्यावर ठेवून पूर्ण नावानं सही केली. जे. बी. सुरवसे.

गणित सुरू झालं. आकडा चढला. बावन्न, एकसष्ट, अडुसष्ट, आणि तिथं स्थिरावला. पंख्याचा आवाज वाढला. ज्योतीरामांनी खुर्ची फिरवून पेटीकडे तोंड केलं आणि जुन्या सवयीनं पाठ ताठ करून बसले. "आता तू जेवून घे," ते सुनेला म्हणाले. "मी आहे इथं."

इतकं शांत त्यांना दिवाळीपासून वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या शालनबाई आल्या. माहेर, सासर दोन्ही चाकणच्या आसपासचं. डोक्यावर पदर, हातात वाटीभर लोणचं. त्या दारातूनच म्हणाल्या, "कुठं हाय गं सुमन, तुजी ती दिव्याची पेटी?" मग कोपऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ही व्हय? ही तर इझलेली दिसती."

सुमनताईंनी पेटीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. मग त्याच्या हातातल्या सही केलेल्या टॅगकडे.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचं बघून झालं असंल तर ते आकडे मिटवा जरा, आणि गुलाबी लावा. चहा होईपर्यंतच."