बोलके कप, मुके कप

कपाला कान लावणाऱ्या बायका वेगळ्या. त्या मातीखात्यात बसून ओल्या मातीचे कान चिकटवायच्या. आम्ही दोघी तपासणीतल्या. आम्ही कपाला आपला स्वतःचा कान लावायचो. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर धरायचा, लाकडी दांडीनं काठावर हलकेच मारायचं आणि ऐकायचं. टण्ण वाजला की बोलका, जाऊ दे पुढे. थप्प वाजला की मुका. मुक्याला आत चीर असते. डोळ्यांना दिसत नाही, पण चहा ओतला की कोणाच्या तरी मांडीवर दोन तुकडे. बावीस वर्षं मी हेच केलं. अजूनही नवरा बोलायला लागला की आधी आवाज कसा आहे तेच ऐकते. काय म्हणतोय ते मागाहून.

दोघी म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ. माझा दीर गेला तेव्हा तिची मुलगी दहा वर्षांची होती. मीच सुपरवायझरच्या मागे लागून हिला तपासणीत चिकटवलं. जागा मिळाली ती शेवटची, भट्टीच्या पंख्याला पाठ लावून. पंखा कसला, दिवसभर मानेशी ट्रक चालू! सात वर्षं बसली तिथं. दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की उजवीकडून हाक मारली तर ही वळतच नाही, आणि डावा कानही त्याच वाटेला लागलाय.

बोलले नाही कोणाला. मेजाखालून मदत करायला लागले. तिनं कप वाजवला की माझाही कान तिकडे, आणि मुका असला की तिच्या पायावर पाय दाबायचा. ती गुपचूप कप मुक्यांच्या पेटीत टाकायची. दोन वर्षांत एक कप चुकला नाही आमचा. मला त्याचा अभिमान होता, कशाला खोटं बोलू?

आमच्याकडे कायदा होता की दर तीन वर्षांनी सरकारी डॉक्टरनं येऊन कामगारांचे कान तपासायचे. कान गेलेला सापडला तर मालकानं भरपाई द्यायची आणि त्याच पगारावर शांत जागी काम द्यायचं. तो डॉक्टर पुढच्या महिन्यात येणार होता. मी दिवस मोजत होते. एकदा त्याच्या वहीत तिचं नाव चढलं की सुटली बिचारी, असं माझं गणित.

आणि नेमकं तेव्हाच मालकानं सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"कर भरता भरता कंबर मोडली माझी," तो म्हणाला. "धूर मोजायला एक येतो, पाणी बघायला दुसरा, कान तपासायला तिसरा. पलीकडच्या राज्यात जमीन जवळपास फुकट देतायत, दहा वर्षं कर माफ, आणि कोणी उठसूट दारात उभं राहत नाही. तीन आठवड्यांत सगळं हलवतोय. कुशल लोकांना सोबत नेईन, राहायला खोली देईन. बाकीच्यांचा हिशेब चोख करीन."

मालक वाईट माणूस नव्हता. दीर गेला तेव्हा स्वतः घरी येऊन बसला होता. म्हणून तर जास्त राग आला मला. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "मी जाणार."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिथं कान तपासायला कुत्रंही येणार नाही. वर्षाभरात ठार बहिरी होशील!"

"पोरीची कॉलेजची अजून दोन वर्षं आहेत, जाऊबाई."

"आम्ही मेलोय का? आणि डॉक्टरकडे अर्ज कर. भरपाई मिळेल."

"कोणाकडून? गेटच्या कुलपाकडून?"

मी भांडी आदळली. खरं सांगायचं तर नुसता कानांचा प्रश्न नव्हता. आमचं एकच स्वयंपाकघर. पोर माझ्या हाताखाली वाढलेली. सकाळी दोघींनी एकमेकींच्या वेण्या ओढून घालायच्या आणि चालत कामावर जायचं, हे सात वर्षांचं. ती गेली तर मी काय करू? हे मात्र तोंडातून निघालं नाही. निघालं ते भलतंच, "जा, जा, तुला कोण विचारतंय!"

निवडीच्या दिवशी सुपरवायझरनं नाव दिलेल्या प्रत्येकीपुढे दहा कप ठेवले. आधी सांगितलं, एक चुकला तरी नाव कापणार. पंखा चालूच होता. नवऱ्याला टाकून मी जाणार नव्हते, नाव दिलं नव्हतं; तरी धाकटीची पाळी आली तेव्हा मी नेहमीसारखी तिच्या डाव्या हाताला बसलेली. तिनं दांडी उचलली आणि सवयीनं एकदा खाली, माझ्या पायाकडे बघितलं.

पहिला बोलका. दुसरा बोलका. तिसरा थप्प वाजला.

मी पाय हलवला नाही.

आदल्या रात्रीच ठरवलं होतं मी. तिचं नाव कापलं जाईल, रडेल, चार दिवस माझ्याशी बोलणार नाही, पण घरी राहील. तिच्या भल्यासाठीच, असं मनाला शंभरदा बजावलं होतं. तिनं पुन्हा खाली बघितलं. मी समोरच्या भिंतीकडे.

तिनं कप मुक्यांच्या पेटीत टाकला.

सहावाही टाकला, नववाही. दहाच्या दहा बरोबर. सुपरवायझर म्हणाला, "वा!" आणि यादीत तिच्या नावापुढे खूण केली.

घरी येऊन दार लावल्यावर मीच विचारलं, "कसं काय गं?"

तिनं तीन बोटं माझ्यासमोर धरली. "बोलका कप दांडी उचलल्यावरही बोटांवर थरथरत राहतो. मुका लगेच गप्प होतो. दीड वर्ष झालं मला हे कळून."

"मग माझा पाय?"

"तुम्हाला बरं वाटायचं ना." ती म्हणाली, "नोकरी तुम्ही लावलीत, कान गेले. तुम्ही मनाला लावून घेतलं होतंत, मला दिसत होतं. म्हटलं, दाबू देत पाय. आज काय झालं, जाऊबाई?"

एवढं शांतपणे विचारलं तिनं! ओरडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर मीही भांडले असते. मी म्हणाले, "लक्ष नव्हतं." तिनं मान डोलावली आणि कपडे घड्या करायला बसली.

वीस दिवसांनी बस कारखान्याच्या गेटवरून निघायची होती. सुपरवायझर बसच्या दारातच यादी घेऊन उभा होता. मला तिला सांगायचं होतं की मी मुद्दाम केलं, चुकलं माझं. पण बसचं इंजिन चालू होतं, तिला ऐकू जायला ओरडावं लागलं असतं. आणि ओरडले असते तर सुपरवायझरला कळलं असतं की हिला ऐकू येत नाही, मग तिथल्या तिथं उतरवलं असतं तिला. मी नुसता तिचा हात धरला. ती म्हणाली, "पोरीकडे बघा." आणि चढली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. पोर क्लासला गेलेली. मी एकटीच होते. तिनं एका दमात सुरू केलं: खोली बरी आहे, पाणी दोन वेळा येतं, तपासणीची मेजं आता दोन भट्ट्यांच्या मध्ये मांडलीत, कोणी काही विचारत नाही.

मी स्वयंपाकघरात उभी राहून ओरडले, "मुद्दाम केलं गं मी! माफ कर मला!" शेजारीण खिडकीत आली. आली तर आली.

पलीकडून नुसती घरघर आली.

"आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणताय ना?" ती म्हणाली. "बरं वाटलं ऐकून. ठेवते आता."